जुन्या मोटरसायकलचा स्पार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंटवरचा झटका शोषणारा पार्ट) असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहेत. बुलेट, जावा, येझदी, राजदूत, बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, नाव कुठलंही असो. ठिणगी तयार करायच्या रीती दोन-तीनच. एक बॅटरी आणि कॉइलची, दुसरी मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीविना स्वतःच करंट तयार करणाऱ्या यंत्राची, तिसरी फ्लायव्हीलच्या आत कॉइल बसवलेली. आपल्या गाडीत यातली कोणती आहे ते आधी बघून घ्या, पुढचं वाचायला सोपं जाईल. गॅप (पॉइंटमधली फट) आणि टायमिंगचे (ठिणगी पडायच्या वेळेचे) आकडे मात्र आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

गाडी सुरू होत नाही. करंटचा दोष आहे की पेट्रोलचा, कसं ओळखायचं?

गाडी बंद कशी पडली ते आठवा. चालता चालता कुणीतरी चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली असेल, तर बहुतेक करंट. आचके देत, पिकअप सोडत, चोक लावल्यावर थोडी तग धरत बंद पडली असेल, तर बहुतेक पेट्रोल.

मग आठ-दहा किक मारून प्लग काढा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये, टाकी, कॉक आणि कार्ब्युरेटरकडे वळा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, किंवा तुम्हीच किका मारमारून ओव्हर केलं आहे. प्लग पुसा, कॉक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, चावी बंद करा किंवा प्लगच्या वायरचं टोक भोकापासून लांब धातूला टेकवा आणि प्लगविना पाच-सहा किका मारून सिलिंडर कोरडा करा. एवढ्यानेच कितीतरी गाड्या सुरू होतात.

स्पार्क बघायची योग्य पद्धत कोणती?

पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून तपासायचा प्लग त्या भोकापासून लांब, हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवा. हातात धरू नका. जोराचा झटका बसतो आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला तो धोक्याचा आहे. गाडी सावलीत घ्या आणि दमदार किक मारा.

निळसर पांढरी, जाड, 'चट्' असा आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, लालसर, केसासारखी बारीक किंवा दर तिसऱ्या किकला गायब होणारी ठिणगी म्हणजे दोष आहे. तपासायला प्लग नवा किंवा दुसऱ्या चालू गाडीतला घ्या. संशयित प्लगने संशयित कॉइल तपासण्यात अर्धा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

त्यानंतर प्लग बाजूला ठेवून प्लगच्या वायरचं टोक फिनपासून ५-६ मिलिमीटरवर अडकवा. ठिणगीने तेवढी उडी मारली की कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर तूर्तास ठीक आहेत असं धरा. वायर मोकळी लोंबकळत ठेवून किक मात्र कधीच मारू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या किंवा मॅग्नेटोच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते.

बाहेर स्पार्क छान दिसतो, तरी गाडी पेटत नाही. असं का?

मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे अशक्त कॉइल किंवा चरा गेलेला प्लग बाहेर पास होतो आणि आत नापास. म्हणून वरची ५-६ मिलिमीटरची परीक्षा नुसत्या प्लगच्या परीक्षेपेक्षा जास्त भरवशाची.

दुसरं कारण टायमिंग. ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी. फ्लायव्हील किंवा रोटर जिच्यावर बसतो ती अर्धचंद्राकृती चावी (स्विचची नव्हे, शाफ्टच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा) थोडी जरी कापली गेली, तरी गाडी स्पार्क दाखवत राहते आणि सुरू होत नाही. नट सैल राहिलेल्या टू-स्ट्रोकमध्ये हे हमखास आढळतं.

अजिबात स्पार्क नाही. सुरुवात कुठून करू?

एकही पार्ट विकत घेण्याआधी करंटचा रस्ता समजून घ्या. बॅटरीतून फ्यूज, तिथून चावीचा स्विच, तिथून कॉइलचं एक टोक, कॉइलच्या दुसऱ्या टोकातून पॉइंट, आणि पॉइंट मिटलेले असले की तिथून अर्थ, म्हणजे गाडीचा धातू, ज्यातून करंट बॅटरीकडे परत जातो. पॉइंट मिटले की कॉइलच्या जाड वेढ्यातून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षणात कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट उमटतात. ठिणगी पॉइंट उघडताना पडते, मिटताना नाही. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं तपासणं सोपं आहे.

मल्टिमीटर घ्या, चावी चालू करा आणि या क्रमाने जा.

आधी पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला मोजा. बॅटरीवर मोजलेल्या व्होल्टेजपेक्षा तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसत असेल, तर फ्यूज होल्डर, स्विच किंवा मधला एखादा जोड करंट खातोय. जुन्या गाडीत चावीचा स्विच हा मोठा चोर असतो. आतले पितळी पत्रे हिरवे पडलेले असतात.

मग कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला मोजा. पॉइंट उघडे असताना पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज, मिटल्यावर जवळपास शून्य, हे बरोबर. मिटल्यावरही व्होल्टेज तसंच राहत असेल, तर पॉइंट मिटूनही जोडले जात नाहीत. घाण, तेल किंवा जळका थर. उघडे असतानाही शून्यच असेल, तर कॉइलवरून पॉइंटची वायर काढा. व्होल्टेज परत आलं तर पॉइंटच्या बाजूला शॉर्ट आहे: कंडेन्सर फुटलाय, वायर सोलली आहे किंवा इन्सुलेशनचा वॉशर चुकीच्या जागी बसलाय. तरीही शून्यच, तर कॉइलचा आतला वेढा तुटलाय.

त्या वॉशरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याने मला दोन अख्खे रविवार खाऊन टाकले आहेत. नवे पॉइंट बसवले आणि स्पार्क गेला. कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, स्विच बायपास केला, काही फरक नाही. शेवटी भिंगातून पाहिलं. पॉइंटच्या स्प्रिंगला धरणाऱ्या छोट्या बोल्टवर तांबडा फायबरचा वॉशर स्प्रिंगच्या बाहेर बसला होता, तो स्प्रिंग आणि प्लेटच्या मध्ये हवा होता. स्प्रिंग प्लेटला टेकत होती, म्हणजे पॉइंट उघडले काय नि मिटले काय, करंट सरळ अर्थ होत होता. तेव्हापासून जुने पॉइंट काढताना एकेक वॉशर ज्या क्रमाने निघतो त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवतो.

मल्टिमीटर नाही. बुलेटच्या अ‍ॅमीटरवरून (करंट दाखवणाऱ्या काट्यावरून) काही कळतं का?

खूप कळतं. दिवे बंद करा, चावी चालू करा आणि किक हाताने हळूहळू खाली दाबत काट्याकडे बघा. पॉइंट मिटले की काटा वजाकडे सरकतो, उघडले की शून्यावर परत येतो. काटा असा झुलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता शाबूत आहे. प्लग, प्लगची वायर, कंडेन्सर आणि कॉइलचा बारीक वेढा तपासा. काटा शून्यावरून हललाच नाही तर कुठेतरी रस्ता तुटलाय किंवा पॉइंट जोडत नाहीत. वजाकडे जाऊन तिथेच अडकला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा मधे शॉर्ट आहे. वर सांगितलेला वॉशरचा घोळ या काट्याने मला दहा सेकंदांत दाखवला असता. त्या गाडीला अ‍ॅमीटर नव्हता.

पॉइंट साफ कसे करायचे? गॅप किती ठेवायचा?

पॉइंटच्या टोकांवर टंगस्टनच्या दोन चकत्या असतात. त्या एकमेकींवर सपाट बसायला हव्यात. एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा तयार झाला असेल, तर बारीक पॉइंट फाइलने हलके दोन-चार हात मारा. खड्डा पूर्ण घालवायच्या नादी लागू नका, उंचवटा गेला तरी पुरे. एमरी पेपर वापरायचा नाही. त्याचे कण टंगस्टनमध्ये रुततात आणि पॉइंट लवकर जळतात. शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेली कोऱ्या जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढा, मग कोरडी पट्टी ओढा. कागदावर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत ओढत राहा. नवे पॉइंटही असेच पुसून घ्यायचे. गंज चढू नये म्हणून त्यांना तेलाचा हात दिलेला असतो आणि त्या थरामुळेच "नवे पॉइंट टाकले आणि गाडी बंद पडली" अशी तक्रार येते.

गॅप पॉइंट सर्वात जास्त उघडलेले असतानाच मोजायचा. जुन्या ३५० बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, लुकासच्या बहुतेक मॅग्नेटोंना ०.३० मिलिमीटर. फिलर गेजची पाती दोन्ही चकत्यांना हलकी घासत सरकली पाहिजे, स्प्रिंग ढकलत नाही. स्क्रू आवळताना गॅप हमखास सरकतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. कमी झाला की मागे. म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग, हा क्रम कधी उलटा करू नका. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते तसा गॅप आपोआप कमी होत जातो. कॅमच्या फेल्टवर ग्रीसचा अगदी पुसट हात ठेवा. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवरच बसतं.

कंडेन्सर गेलाय हे कसं ओळखायचं?

इंजिन चालू असताना अंधारात पॉइंटकडे बघा. बारीक निळी चमक चालते. पिवळ्या, फटफटणाऱ्या ठिणग्या दिसत असतील, पॉइंट दोन-तीनशे किलोमीटरांत काळे होत असतील आणि प्लगची ठिणगी लालसर असेल, तर कंडेन्सर बदला. पॉइंट उघडताना कॉइलच्या जाड वेढ्यातही दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो. तो शोषून घेणं हेच कंडेन्सरचं काम. तो नसला तर करंट पॉइंटच्या फटीतून आर्क मारत राहतो, चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळत नाही आणि ठिणगी मरते.

मल्टिमीटरवर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा येतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण मीटर काही व्होल्टवर मोजतो, कंडेन्सर फुटतो दोनशे व्होल्टला आणि तापल्यावर. त्यापेक्षा जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून दुसरा चांगला कंडेन्सर तात्पुरता जोडा, एक टोक पॉइंटच्या वायरला, अंग अर्थला. गाडी सुधारली तर उत्तर मिळालं. नव्या पार्टवर आंधळा भरवसा ठेवू नका. नवाकोरा कंडेन्सर डब्यातूनच बिघडलेला निघणं मी अनेकदा पाहिलंय.

बॅटरी-कॉइलच्या गाडीत कंडेन्सर पॉइंटच्या डब्यातच असला पाहिजे असं नाही. इंजिनच्या उष्णतेपासून दूर, कॉइलजवळ बसवला तरी चालतो आणि जास्त टिकतो. त्याच्या अंगाला पक्का अर्थ मात्र हवा.

थंड असताना मस्त चालते, तापली की बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. काय करू?

पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरत नाही आणि लक्षण हुबेहूब करंटच्या दोषासारखं दिसतं. झाकण सैल करताच 'फुस्स' झालं आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली, तर तुमचा कॉइलचा खर्च वाचला.

तसं नसेल तर बंद पडल्या जागीच, गरम असतानाच स्पार्क तपासा. घरी येऊन थंड गाडी तपासण्यात अर्थ नाही. थंडपणी ती खोटं बोलते. गरमपणी ठिणगी नसेल तर संशयित तीन. कॉइल: आतला बारीक वेढा तापून पसरतो आणि तुटक्या जागी फट पडते. तिच्यावर ओलं फडकं ठेवून गार करा. ठिणगी परत आली तर गुन्हेगार सापडला. कंडेन्सर: वर सांगितल्याप्रमाणे दुसरा जोडून बघा. मॅग्नेटोची आर्मेचर, म्हणजे आत फिरणारा वेढ्यांचा गाभा: जुन्या आर्मेचरच्या वेढ्यांना शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो मऊ पडतो आणि आतल्या आत गळती सुरू होते. त्याला नव्याने वाइंडिंग करून घेण्याशिवाय इलाज नाही. त्याच वेळी आतला कंडेन्सरही बदलून घ्या, पुन्हा उघडायला लागू नये.

दिवा लागतो, हॉर्न वाजतो. म्हणजे बॅटरी चांगली ना?

नाही. छोट्या दिव्याला अर्धा अँपिअर पुरतो, कॉइलला तीन-चार लागतात. विसावलेली पूर्ण चार्ज ६ व्होल्टची बॅटरी साधारण ६.३ आणि १२ व्होल्टची १२.६ च्या वर दाखवते. पण खरी मोजणी हेडलाइट लावून आणि पॉइंट मिटवून करा. त्या वेळी आकडा धाडकन खाली आला तर बॅटरी संपली आहे. ६ व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट कुठे हरवला तर सहावा हिस्सा गेला, म्हणून तिथे प्रत्येक जोड चकचकीत हवा.

गाडी पूर्ण रिस्टोअर केली, सगळं नवं टाकलं, आणि आता स्पार्कच नाही!

रंगाने अर्थ तोडला असणार. फ्रेमला पावडर कोटिंग झालं, कॉइलचा ब्रॅकेट रंगवला, इंजिनचे माउंटिंग बोल्ट रंगावर बसले. जुनी गंजकी गाडी धातूला धातू लागून चालत होती, नवी देखणी गाडी रंगाने झाकली गेली. बॅटरीच्या अर्थपासून इंजिनच्या केसिंगपर्यंत एक जाड वायर सरळ टाका आणि बोल्टखालचा रंग नाण्याएवढा खरवडा. मी हल्ली प्रत्येक गाडीत ही वायर टाकतोच.

टायमिंग कसं लावायचं?

प्लगच्या भोकातून डायल गेज किंवा खुणा केलेली सळई घाला आणि टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर येतो ती जागा, शोधा. फोर-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशनचा स्ट्रोक घ्यायचा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. मग इंजिन थोडं उलटं जास्त फिरवून पुन्हा सुलट दिशेने खुणेवर आणा, म्हणजे गिअरमधला सैलपणा निघतो. जुन्या ३५० बुलेटला पूर्ण रिटार्ड (ठिणगी सर्वात उशिरा पडेल अशी स्थिती) असताना टीडीसीच्या आधी ०.८ मिलिमीटरवर पॉइंट उघडायला सुरुवात व्हायला हवी.

उघडण्याचा तो क्षण पकडायला, बॅटरी-कॉइलच्या गाडीत एक छोटा बल्ब पॉइंटच्या वायर आणि अर्थमध्ये जोडा. चावी चालू असताना पॉइंट उघडले की तो पेटतो. मॅग्नेटोत सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरा आणि हलकेच ओढत राहा. ज्या क्षणी कागद सुटतो तोच क्षण. हाताला तो इतका स्पष्ट कळतो की एकदा केल्यावर माणूस विसरत नाही.

ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी आपोआप आधी पाडणाऱ्या वजनांच्या) स्प्रिंगा सैल पडल्या असतील तर टायमिंग खुणेवर असूनही गाडी ठोकत राहील. वजनं बोटाने उघडा, सोडल्यावर ती स्वतःहून मिटली पाहिजेत.

किक उलटी मारते. पाय मोडेल की काय अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे, पाय खरंच मोडतो. ठिणगी फार आधी पडतेय. हँडलवर अ‍ॅडव्हान्सचा लिव्हर असेल तर सुरू करताना रिटार्डवर घ्या. नसेल तर ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा आणि टायमिंग तपासा, तोवर किक मारू नका. बुलेटला डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन टीडीसीच्या किंचित पुढे न्या, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण किक मारा.

मॅग्नेटोच्या गाडीत काय वेगळं बघायचं?

बॉशमधल्या गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये हाय टेन्शन मॅग्नेटो तयार केला, आणि पुढची कित्येक दशकं मोटरसायकली त्यावर धावल्या. बॅटरी लागत नाही, हा त्याचा मोठेपणा.

पहिलं काम म्हणजे बंद करण्याच्या बटणाची वायर मॅग्नेटोवरून काढा. स्पार्क आला तर दोष बटणात किंवा हँडलमध्ये घासलेल्या वायरमध्ये आहे. मग पिकअप (प्लगची वायर जिथे मॅग्नेटोत जाते तो भाग) काढा, पेन्सिलीला पेट्रोलने ओलसर केलेलं फडकं गुंडाळा आणि इंजिन हळू फिरवत स्लिप रिंग (आर्मेचरवरचं कडं, ज्यावरून ब्रश करंट घेतो) पुसा. कार्बनच्या काळ्या धुळीतून ठिणगी परस्पर अर्थ होत असते. पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच पिकअप परत बसवा. ब्रश अडकत नाही ना तेही पाहा. प्लगची वायर तांब्याच्या गाभ्याचीच हवी.

आर्मेचर बाहेर काढायची असेल तर आधी पिकअप, अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू काढा. स्क्रू राहिला की बाहेर ओढताना स्लिप रिंग तुटते. आणि जुन्या पोलादी चुंबकांतून आर्मेचर काढली की चुंबकाच्या टोकांवर लगेच लोखंडाचा तुकडा ठेवा, नाहीतर चुंबकत्व उतरतं.

दोन सिलिंडरपैकी एकच चालतो.

हे निदान सोपं आहे, कारण तुलनेला दुसरी बाजू हाताशी आहे. प्लगची अदलाबदल करा; दोष प्लगबरोबर गेला तर प्लग. मग कॅप आणि वायर, मग कॉइल, मग कंडेन्सर. एका वेळी एकच वस्तू बदला.

प्लग कोणता घ्यावा?

मॅन्युअलमधला. उष्णतेचा क्रमांक बघताना सांभाळा: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियनचा वाढला की गरम. गॅप कॉइलच्या गाडीला साधारण ०.६, मॅग्नेटोला ०.४५ ते ०.५ मिलिमीटर. अशक्त मॅग्नेटोच्या गाडीत रेझिस्टरचा प्लग आणि रेझिस्टरची कॅप दोन्ही एकत्र लावू नका.

पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह केली तर कॉइलचं काय?

कॉइलच्या दोन्ही बारीक वायरींची अदलाबदल करा. प्लगचा मधला इलेक्ट्रोड निगेटिव्ह राहिला पाहिजे. तो तापलेला असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि ठिणगीला कमी व्होल्टेज पुरतं. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण थंडीत आणि चढावर कुरकुरते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?

रोज लांब पल्ला मारणार असाल तर जरूर. टायमिंग हलत नाही, टाच झिजत नाही. पण व्होल्टेज उतरलं की काही बॉक्स भलत्याच वेळी ठिणगी देतात, म्हणून आधी बॅटरी आणि चार्जिंग सुधारा. बिघडलेली गाडी सुधारावी म्हणून ते बसवू नका. सडलेली वायर नव्या बॉक्सलाही सडकाच करंट देते. माझ्या स्वतःच्या गाड्यांवर पॉइंटच आहेत, कारण ते रस्त्याच्या कडेला पातीने आणि कागदाने दुरुस्त होतात.

ओल्या हवेत मिस मारते.

रात्री दिवे बंद करून इंजिन चालू ठेवा आणि प्लगच्या वायरीकडे बघा. चरे गेलेल्या वायरीवर, कॅपवर किंवा कॉइलच्या तोंडाशी निळ्या रेघा नाचताना दिसतील. तेवढा भाग बदला.

प्रवासात सोबत काय ठेवू?

दोन प्लग, प्लगचा पाना, फिलर गेज, पॉइंट फाइल, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, दोन फ्यूज, मीटरभर वायर, छोटा टेस्ट बल्ब, आणि पॉइंटचा एक सेट त्याच्या सगळ्या वॉशरांसकट. कंडेन्सरही ठेवा, पण डब्यातला कोरा नको. तो आधी गाडीवर बसवून शंभरेक किलोमीटर चालवा, मग काढून पिशवीत टाका.